चौथी कड

१९ नोव्हेंबर

भाऊजी आजही आले आणि आजही एकच साडी घेऊन आले.

वनूताईच्या साड्यांची गोधडी करायचं मी ठरवलं, तेव्हाच तिच्या यजमानांना स्वच्छ मराठीत सांगितलं होतं की रमाकांतभाऊजी, कपाट रिकामं करा, सगळं एका रिक्षात घाला आणि एकदम आणून टाका. "बघतो," म्हणाले. ज्या माणसाने उभा जन्म सरकारी कार्यालयात काढला त्याच्या तोंडच्या 'बघतो'ला भविष्यकाळ नसतो, फक्त रीतिवर्तमान असतो. आता हे रोजचं झालं आहे. दाल बाजाराच्या मागून सवाऱ्यांच्या टेम्पोने निघायचं, सिटी सेंटरला उतरायचं, तिथून चालत माझ्या कॉलनीत यायचं, वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक साडी टेबलावर ठेवायची, चहा प्यायचा आणि मग तासभर खुर्चीत बसून माझ्या हातांकडे पाहत राहायचं.

"ती निळी कुठे लावलीस ग?"

"इथे. डाव्या कोपऱ्यात."

"अच्छा. बरी दिसते."

मला दाट संशय आहे की जरीचे काठ कुठे जातात यावर त्यांचं लक्ष आहे. वनूताईच्या संसारात काटकसरीचं खातं त्यांच्याकडेच होतं.

२३ नोव्हेंबर

गॅलरीतल्या प्रदर्शनाचं नक्की झालं. जानेवारीत, संक्रांतीच्या आधी, आणि मला मिळालेली भिंत समोरची, दारातून आत येताच दिसणारी. आजवर माझी गोधडी महिला मंडळाच्या हॉलमध्ये कुरडयांच्या शेजारी मांडली जायची. लोक कुरडई घ्यायचे आणि जाता जाता गोधडीला हात पुसायचे. मुलींना संस्कृत शिकवण्याची नोकरी मुदतीआधी सोडून सुई धरली, तेव्हा सगळ्या नातेवाइकांनी माझ्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं पाहिलं होतं. फक्त वनूताई म्हणाली होती, "सीमू, मोठ्या भिंतीवर लागेल तेव्हा मला सांग, मी नवीन साडी घेईन."

आता तिच्या जुन्या साड्याच भिंतीवर लागणार आहेत. यात काव्य आहे असं कुणी म्हटलं तर त्याला मी घराबाहेर काढीन.

गॅलरी चालवते ती गरिमा, तिशीची मुलगी. घराणं जुनं मराठा, पणजोबा फौजेत, या हिंदी मुलखात राहून भाषा मात्र अर्ध्या वाटेवर गाडी बदलते. "मॅम, मला तुमचं काम इतकं आवडलं न, क्या बताऊँ. बस थोडी फिनिशिंग हवी."

फिनिशिंग म्हणजे चौथी कड. ती मी उघडी ठेवते आहे हे तिला दिसलं.

मी तिला आमच्या आईकडची रीत सांगितली. गोधडी तीन बाजूंनी शिवायची. चौथी कड उघडी ठेवायची. जिच्यासाठी किंवा ज्याच्यासाठी शिवली त्या माणसाने तिच्याखाली एक झोप काढायची. मग दुसऱ्या दिवशी उन्हात बसून चौथी कड बंद करायची. तोवर गोधडी कोणाचीच नसते, नुसतं कापड असतं. वनूताईच्या लग्नात, तिच्या शंतनूच्या बारशाला, सगळ्या गोधड्या अशाच झाल्या.

"तर मग ही कोणाची आहे?" गरिमाने विचारलं.

"कोणाचीच नाही. म्हणून उघडी."

"वॉव," म्हणाली. मला राग आला. ते वॉव म्हणण्यासारखं नव्हतं.

३० नोव्हेंबर

डोळ्यांतून पाणी येतं. सुईत दोरा ओवताना नाही, शिवताना. विशेषतः ती पिवळी सुती साडी हातात आली की, जी नेसून वनूताई भाजी चिरायची. पदराला हळदीचा डाग आहे, तो मी मुद्दाम मध्यभागी घेतला आहे.

बाड्यावरच्या बाजारात चष्मेवाल्याकडे गेले. त्याने यंत्रावर हनुवटी ठेवायला लावली, अक्षरं वाचून घेतली आणि म्हणाला, "मैडम, नंबर तो वही है."

म्हटलं, पुन्हा बघा.

त्याने पुन्हा बघितलं. नंबर तोच. या शहरात एकही यंत्र नीट चालत नाही.

४ डिसेंबर

आज भाऊजींनी हिरवी जाड इरकल आणली. ही ओळखीची होती. हिला आम्ही भांडणाची साडी म्हणायचो. वनूताईला कुणाशी भांडायला जायचं असलं की ती हीच नेसायची. शंतनूला शाळेत उगीच शिक्षा झाली तेव्हा हीच, गॅसवाल्याने चकरा मारायला लावल्या तेव्हा हीच. निऱ्या काढतानाच ती वाक्यं जुळवायची.

"माझ्याशी भांडायला कधी नेसली नाही हो," भाऊजी म्हणाले.

"तुमच्याशी भांडायला साडी कशाला लागते, गाऊनवर भागायचं."

हसले. किती दिवसांनी हसले कोण जाणे. मग उगीच खोकले आणि खिडकीबाहेर बघत बसले. मला तेही आवडलं नाही. हसायचं तर सरळ हसावं.

पण दुपार चांगली गेली. गच्चीवर ऊन होतं, त्यांनी येताना तिळाची गजक आणली होती, आणि भांडणाची साडी मी कात्रीला न लावता हाताने फाडली. तिचा आवाजच असा दमदार की खालच्या मजल्यावरची बाई वर बघायला आली.

११ डिसेंबर

एक गोष्ट लिहून ठेवते, कारण ती मनात धरली की रक्तदाब वाढतो.

वनूताईला काय झालं आहे हे वैशाखात कळलं. भाऊजींना कळलं, शंतनूला कळलं. मला श्रावणात सांगितलं, दवाखान्यातून. मधल्या काळात मी दर आठवड्याला तिच्याकडे जात होते. ती मला साबुदाण्याची खिचडी खाऊ घालत होती, माझ्या टाक्यांना नावं ठेवत होती. भाऊजी शेजारी बसून वर्तमानपत्र वाचत होते. उन्हाळाभर तो माणूस वर्तमानपत्र वाचत होता.

आणि त्याच माणसाला मी रोज चहा करून देते. माझ्या सहनशीलतेवर कुणी लिहिलं तर ग्रंथ होईल, पण कोण लिहिणार, वनूताई नाही.

२० डिसेंबर

धुकं इतकं की समोरची बिल्डिंग दिसत नाही. भाऊजी तरी आले. साडी नव्हती, नुसता एक ब्लाऊज होता. कपाटातलं संपत आलं असावं.

गोधडीचे थर झाले, धावदोरा अर्ध्याच्या पुढे गेला आहे. त्यांनी कडेवरून हात फिरवला.

"सीमू, ही प्रदर्शन झाल्यावर कुठे जाणार?"

"कुठेच नाही. ही कला आहे, भाऊजी. ती भिंतीवर असते."

"कलेला थंडी वाजत नाही का ग?"

त्यांना कधी कधी सुचतं, नाही असं नाही. मी विचारलं की घरात हीटर आहे ना. म्हणाले, आहे. मग म्हणाले, आजकाल बाहेरच्या खोलीतच आरामखुर्चीत झोपतो, आतल्या खोलीत गारठा फार. मी म्हटलं, उत्तरेच्या खिडकीला पट्टी लावून घ्या, फटीतून वारा येतो. एवढी साधी गोष्ट. "बघतो," म्हणाले.

२ जानेवारी

संताप.

गरिमाने पाट्या छापून आणल्या. माझ्या भिंतीखाली काय लिहिलं आहे ते उतरवून ठेवते: "शाही मराठा घराण्यातील वस्त्रांपासून साकारलेली विरासत." वनूताईची भाजी चिरायची साडी राजघराण्यात गेली. गॅसवाल्याशी भांडणारी इरकल आता शाही विरासत. आमचे पूर्वज दरबारात होते हे खरं, पण ते पंचांग सांगायचे. त्यांच्या अंगावर जे वस्त्र असायचं ते विरासत म्हणून ठेवलं असतं तर वास आला असता.

"मॅम, लोकांना स्टोरी पाहिजे असते न. तुम्ही प्लीज गुस्सा नका करू."

"गरिमा, माझी बहीण बिजलीच्या दफ्तरातल्या माणसाची बायको होती. ती मेली. ही तिची रोजची कापडं आहेत. यात शाही काय आहे ते मला समजाव."

ती हळूच म्हणाली, "मॅम, मला माहीत नव्हतं की ती... तुम्ही बोललाच नाही कधी की बहीण होती. तुम्ही नुसतं 'साड्या' बोलत होता."

काय बोलायचं ते मी बोलले होते. पाटी बदलायची असं ठरलं. नवी पाटी: "चौथी कड. जुन्या साड्या, हातशिलाई. चौथी कड उघडी आहे, कारण ही कोणाची नाही."

घरी येऊन मोबाईल बंद करून ठेवला. आता जगाने चार दिवस माझ्याशिवाय चालवून बघावं.

८ जानेवारी

ताप. अंग मोडून आलं आहे. गोधडी आज गॅलरीत पोचवायची होती. भाऊजी आले, मी अंथरुणातून उठून दार उघडलं तर म्हणाले, "तू नीज. मी नेतो." म्हटलं, टेम्पोत नका नेऊ, ऑटो करा, मांडीवर ठेवा, घडी उलगडू नका. त्यांनी ती पांढऱ्या चादरीत बांधली. बांधायला फार वेळ लावला. मी तापात होते म्हणून बोलले नाही.

जाताना मला गोळी काढून दिली आणि पाण्याचा तांब्या उशाशी ठेवला. वनूताई ठेवायची तसा, वर वाटी झाकून. हे त्यांनी कुठून उचललं.

१० जानेवारी

हे शांतपणे लिहायचा प्रयत्न करते. जमणार नाही.

आज उद्घाटनाआधी भिंत बघायला गेले. गोधडी टांगलेली होती. लांबून सुंदर दिसत होती, डाग बरोबर मध्यभागी, इरकल कोपऱ्यात दटावत उभी. जवळ गेले. चौथी कड बंद होती.

बंद म्हणजे कशी. जाड पांढरा दोरा, लांब लांब टाके, प्रत्येक टाक्याला भलंमोठं भोक, आणि शेवटी अशी गाठ की जहाज बांधावं. मी गरिमाला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही, त्यातलं निम्मं संस्कृतात होतं, तिला कळलं नसेल ही आशा आहे. तिने कोण्या शिंप्याकडून फिनिशिंग करून घेतलं असं मी धरूनच चालले होते.

"मॅम, कसम से, मी हात पण नाही लावला. अंकलनी अशीच आणून दिली, काल दुपारी."

"काल? त्यांनी तर परवा नेली."

तेवढ्यात अंकल आले. बंद गळ्याचा कोट, केस पाणी लावून बसवलेले, हातात गजरा, कोणासाठी देव जाणे.

"भाऊजी, हे कोणी शिवलं?"

"मी."

चहा केला म्हणावं इतक्या सहज. मग त्यांनीच सांगितलं. परवा आले तेव्हा गॅलरीला कुलूप होतं. गोधडी घरी नेली. गारठा होता. पांघरली.

"पांघरली?"

"हो न. आतल्या खोलीत. सकाळी उठलो तर ऊन पलंगावर आलं होतं. दूधवाला बेल वाजवून परत गेला म्हणे, मला पत्ताच नाही." गजरा दुसऱ्या हातात घेतला. "मग विचार केला, एक झोप तर झाली. तुमच्याकडे रीत आहे की मग उघडी नाही ठेवायची. तुला फोन केला, बंद होता. ताप होता तुला, तुला कशाला उठवायचं. मग मीच बसलो ओट्यावर उन्हात. ऑफिसमध्ये फायली शिवायचो, तो दाभण होता घरी."

फायली. माझ्या गोधडीला या माणसाने फाईल शिवावी तशी शिवली आहे. नीट बघितलं तर तोच टाका, कागद निसटू नयेत म्हणून मारायचा. दाभण वनूताईच्या भाजीच्या साडीतून आरपार गेला आहे.

मी पिशवीतून कात्री काढली. गरिमाने माझा हात धरला. "मॅम, चीफ गेस्ट गाडीतून उतरताहेत."

पाटीवर लिहिलं होतं की चौथी कड उघडी आहे. त्यावर गरिमाने घाईघाईत कागद चिकटवला. मी इतके दिवस जे म्हणत होते ते आता कागदाखाली आहे.

सगळा वेळ भाऊजी त्या गोधडीच्या बाजूला उभे होते. पाहुणे आले की थोडे सरकायचे, मग पुन्हा तिथेच. कुणी हात लावायला गेलं की म्हणायचे, "हात नका लावू जी." जशी काही ती त्यांच्याच घरची.

१२ जानेवारी

वर्तमानपत्रात परीक्षण आलं. मोठं आहे, फोटोसकट. माझ्या बारीक धावदोऱ्यावर अर्धी ओळ. रंगसंगतीवर एक ओळ. आणि उरलेला सगळा परिच्छेद चौथ्या कडेवर: "कलावतीने जाणीवपूर्वक योजलेले हे राकट, अनघड टाके या कृतीचा प्राण आहेत. कोमलतेच्या शेवटी आलेला हा खडबडीतपणा थेट काळजाला भिडतो."

आयुष्यातली सर्वात मोठी स्तुती मिळाली आणि ती एका निवृत्त बाबूच्या दाभणाला. कात्रण काढून ठेवलेलं नाही. (भाऊजींनी ठेवलं आहे. चार प्रती घेतल्या म्हणे.)

१४ जानेवारी

आज संक्रांत, सबंध शहराने गोड बोलायचं ठरवलेलं, मला मात्र कुणी बोलावलं नव्हतं.

एका मोठ्या हॉटेलचे मालक गॅलरीत आले होते. त्यांना ही गोधडी त्यांच्या स्वागतकक्षाच्या भिंतीसाठी हवी आहे, काचेच्या चौकटीत घालून. फक्त ती कड जरा नीट करून द्या म्हणाले, बाकी सगळं तुम्ही म्हणाल तसं. गरिमाचे डोळे चमकत होते. तिच्या गॅलरीचं हे पहिलंच वर्ष आहे, मला समजतं. आणि मलाही तर हेच हवं होतं, मोठी भिंत. हॉटेलची भिंत तर आणखी मोठी.

मी तोंड उघडलं ते 'हो' म्हणायला. आणि म्हणाले, "देता येणार नाही. हिला मालक आहे."

गरिमा म्हणाली, "मॅम, आपण तर बोललो होतो की कोणाची नाही."

"एक जण झोप काढून बसला आहे. रीत म्हणजे रीत, मी काय करू."

राग तर भयंकर आला होता. ज्या माणसामुळे माझं सगळं काम बिघडलं त्यालाच ते द्यायचं, आणि तेही आपल्याच तोंडाने कबूल करून. गरिमाने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी काहीतरी छान केलं. तिला समजावण्याच्या फंदात पडले नाही. तिने तिळाचा लाडू दिला, तो खाल्ला. बरा होता.

२१ जानेवारी

प्रदर्शन संपलं. गोधडी ऑटोत मांडीवर घेऊन थेट भाऊजींकडे गेले. मनात बेत पक्का होता. तिथेच बसून त्यांचे टाके उसवायचे, कड माझ्या हाताने नीट शिवायची, आणि मग त्यांना द्यायची. द्यायची आहे म्हणून काय वाईट द्यायची का.

बरेच दिवसांनी त्यांच्या घरात शिरले. श्रावणानंतर गेलेच नव्हते. तेच येत होते ना. कपाट उघडं होतं, पूर्ण रिकामं. मधल्या कप्प्यात घातलेलं वर्तमानपत्र तसंच होतं, त्यावर साड्यांच्या घडीचा चौकोन उमटलेला. आतल्या खोलीच्या उत्तरेच्या खिडकीला हात लावून बघितलं. पट्टी लावलेली आहे, चांगली जुनी. फट कुठेच नाही. मग गारठा कुठून येतो, ते त्यांनाच माहीत.

भाऊजी पलंगावर बसले. मी कात्री, दोरा, सुई काढली आणि ज्याचं उत्तर इतके दिवस मला मिळालं नव्हतं ते विचारलं. वैशाखापासून का नाही सांगितलं.

"तिने सांगू नको म्हटलं होतं."

"का?"

गोधडीची कड बोटांनी सरळ करत राहिले, आपले टाके मोजावेत तसे.

"म्हणाली, सीमू रडणार नाही. नुसती रागावेल. सगळ्यांवर रागावेल, डॉक्टरवर, माझ्यावर, देवावर. आणि मग तिला मलाच सांभाळावं लागेल. आता माझ्यात तेवढा दम नाही हो. असं म्हणाली." मग म्हणाले, "तू नाराज नको होऊ न. तिने हसत सांगितलं होतं."

मी नाराज झाले नाही. मी उठून चहा केला. आलं फार पडलं, कारण किसणीवरचा हात थांबत नव्हता. त्या स्वयंपाकघरात धूर नीट बाहेर जात नाही, डोळ्यांना फार लागतो. चहा घेऊन यायला वेळ लागला.

आले तर भाऊजी गोधडी गळ्यापर्यंत ओढून झोपले होते. दुपारी, भर उजेडात. डावा हात हळदीच्या डागावर.

टाके उसवायचे राहिले. झोपलेल्या माणसाच्या अंगावरची गोधडी उसवता येत नाही. थोडा वेळ खुर्चीत बसून होते, जसे ते माझ्याकडे बसायचे. मग दोन्ही कप मीच प्याले. त्यांच्या कपावर वाटी झाकायची होती खरं तर, पण मग म्हटलं, उठल्यावर दुसरा करून घेतील. एवढं काय ते येत असेलच.

उद्या जाईन. परवाही जावं लागेल, एका बैठकीत होणारं काम नाही ते, टाके फार घट्ट आहेत. आणि कपाट असं उघडं ठेवून चालणार नाही, काहीतरी त्यात लावून द्यायला हवं.

दाभण मात्र जप्त करून आणला आहे. माझ्या सुयांच्या डबीत मावत नाही. झाकण उघडंच ठेवलं आहे.